खाऱ्या-गोड्या पाण्यापासून वीज (रिव्हर्स इलेक्ट्रोडायलिसिस)

खारं आणि गोडं पाणी एकमेकांत मिसळताना जी ऊर्जा अशीच वाया जाते ती आयन एक्स्चेंज मेंब्रेन (ठरावीक आयनलाच, म्हणजे चार्ज असलेल्या कणांनाच, वाट देणारे पडदे) वापरून विजेच्या रूपात काढून घ्यायची पद्धत म्हणजे रिव्हर्स इलेक्ट्रोडायलिसिस, थोडक्यात रेड. ऊन असो नसो, वारा असो नसो, नदी समुद्राला मिळते तिथं ही ऊर्जा असतेच.

यात दोन जातीचे पडदे लागतात. एक मिठातल्या सोडियमसारख्या पॉझिटिव्ह आयनलाच वाट देतो, दुसरा क्लोराइडसारख्या निगेटिव्ह आयनला. हे पडदे आलटून पालटून रचायचे आणि मधल्या बारीक फटींतून एकाआड एक खारं नि गोडं पाणी सोडायचं. मीठ गोड्याकडं जायला बघतं, पण सोडियमला एकीकडची आणि क्लोराइडला बरोबर उलट बाजूची वाट मिळते, त्यामुळं चार्ज वेगळे होतात, टोकाच्या इलेक्ट्रोडवर रिअॅक्शन होते आणि वायरमधून करंट मिळतो. एका पडद्यामागं ०.१ व्होल्टपण धड मिळत नाही, म्हणून टॉर्चमध्ये सेल लावतात तशा शेकडो जोड्या एकामागं एक लावाव्या लागतात.

कल्पना जुनीच आहे, पॅटल नावाच्या ब्रिटिश संशोधकानं १९५४ साली ‘नेचर’मध्ये ती मांडली. पण पडदे महाग, त्यामुळं गाडी पुढं सरकायला लई वर्षं गेली. नेदरलँड्समध्ये आफस्लाउटडाइक या ३२ किलोमीटरच्या बांधावर, जिथं एका अंगाला गोडं तळं आणि दुसऱ्या अंगाला समुद्र आहे, २०१४ मध्ये ५० किलोवॅटचा पायलट प्लांट सुरू झाला. नॉर्वेतला २००९ चा टोफ्टे प्लांट पण याच्यातच धरतात लोक, पण तिथं ऑस्मोसिसच्या (गोडं पाणी पडद्यातून खाऱ्याकडं ओढलं जाण्याच्या) प्रेशरवर टर्बाइन फिरवायचे, ती पद्धत वेगळी.

अडचणी बऱ्याच. गोड्या पाण्यातून करंट नीट वाहत नाही, गाळ-शेवाळानं फटी तुंबतात, आणि पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असलं की व्होल्टेज पडतं.

आता मराठवाड्यात हे चालंल का? इथं समुद्र नाही, पण गावोगावी जारवाले आरओ प्लांट झालेत आणि त्यांचं खारट रिजेक्ट पाणी नालीत जातं, तर त्याची वीज करा की, असं वाटणं साहजिक आहे. हिशोब मात्र बसत नाही. समुद्राचं १००० लिटर (लिटरला ३५ ग्रॅम मीठ) आणि १ ग्रॅमवालं १००० लिटर मिसळलं तर कागदावर साधारण अर्धा युनिट निघतो, प्रत्यक्षात त्याहून बराच कमी. रिजेक्टमध्ये लिटरला ३ ग्रॅम आणि गोड्यात ०.३ ग्रॅम धरले तर तेवढ्याच पाण्यातून फक्त ०.०३ युनिटच्या आसपास, म्हणजे एक एचपीची मोटर अडीच मिनिटंपण चालणार नाही. आणि त्यासाठी १००० लिटर गोडं पाणी द्यायचं, तेही ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या भागात! आरओनं वीज खर्चून वेगळं केलेलं पाणी परत मिसळायचं म्हणजे उगं उलटा धंदा झाला. वर बेसाल्टमधल्या बोअरचं पाणी जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचा तोच त्रास. त्यापेक्षा ते रिजेक्ट फरशी नि गाड्या धुवायला वापरलेलं परवडतं.