गेला की काढला? गेम पत्रकारांच्या जागाबदलाची पार्श्वभूमी

गेमवर लिहिणारं एखादं ओळखीचं नाव एका संकेतस्थळावरून दुसऱ्या संकेतस्थळावर गेलं, की अभिनंदनाच्या गर्दीत एक प्रश्न हमखास डोकावतो: गेला की काढला? अर्थ किंवा क्रीडा पत्रकाराबद्दल इतक्या लगेच कुणी असं विचारत नाही. गेमवाल्यांबद्दल विचारतात, कारण वाचकांच्या डोक्यात नोव्हेंबर २००७ पक्का बसला आहे. ज्यांनी तो पाहिला नाही, त्यांनी ऐकलेला असतो.

त्याआधीचं फार सांगण्यासारखं नाही. १९८१ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत या विषयाची पहिली मासिकं निघाली आणि पुढची पंधराएक वर्षं वाचक मासिकाशी बांधलेला राहिला, लेखकाशी नाही. एका अमेरिकी मासिकात तर एकाच टोपणनावाआड वेगवेगळी माणसं समीक्षा लिहीत. त्यातला एक सोडून गेला तर कळणार कुणाला? १९९६ मध्ये दोन मोठी संकेतस्थळं सुरू झाली, दहाएक वर्षांत त्यांवर व्हिडिओ आणि पॉडकास्ट आले आणि बायलाइनला, म्हणजे लेखाबरोबर छापल्या जाणाऱ्या लेखकाच्या नावाला, चेहरा आणि आवाज मिळाला. माणूस गेला की पोकळी दिसू लागली ती तेव्हापासून.

आता २००७. ‘केन अँड लिंच: डेड मेन’ हा गेम आला तेव्हा त्या दोनपैकी एका संकेतस्थळाचं मुखपृष्ठ त्याच्या जाहिरातीने मढवलेलं होतं. कोपऱ्यातली चौकट नव्हे. पानाची पार्श्वभूमीच त्या गेमची. आणि त्याच पानावर समीक्षा झळकली: दहापैकी ६. ती लिहिणारा साधा लेखक नव्हता. संपादकीय विभागाचा प्रमुख होता, तिथं अकरा वर्षं काढलेला. महिनाअखेरीस त्याची नोकरी गेली. व्हिडिओ समीक्षा काढून टाकण्यात आली, कारण दिलं गेलं आवाजाच्या दर्जाचं आणि अपुऱ्या दृश्यांचं. लेखी मजकुरातही फेरफार झाले. गुण मात्र ६ च राहिले. जाहिरातदाराच्या दबावाखाली काढलं, हे कंपनीने नाकारलं. काढलेला माणूस गप्प होता.

माझ्या मते त्या प्रकरणात या गप्प राहण्याकडेच सर्वांत कमी लक्ष गेलं. सगळे गुणांवर भांडत राहिले. पण पुढच्या प्रत्येक जागाबदलाच्या बातमीवर सावली पडली ती त्या मौनाची. अमेरिकेत नोकरी सुटताना हातात जी रक्कम ठेवतात तिच्यासोबत बहुतेक वेळा एक कलम येतं: मालकाला कमीपणा येईल असं काही बोलायचं नाही. मराठीत त्याला ‘बदनामीबंदी’ म्हणायचा मोह होतो, पण तो शब्द चुकीचाच. बदनामी म्हणजे खोटं बोलून नाव घालवणं. या कलमात खरं बोलणंही बसतं. सही केली की ‘मला का काढलं’ या साध्या प्रश्नालाही उत्तर देता येत नाही. निरोपाच्या पोस्ट इतक्या एकसारख्या का असतात, ‘नवं आव्हान’, ‘नवी वाट’, ‘सर्वांचे आभार’, याचं निम्मं उत्तर तिथं आहे.

त्या माणसाचं कुलूप उघडलं मार्च २०१२ मध्ये, तेही विचित्र योगायोगाने. २००८ मध्ये त्याने, मागोमाग बाहेर पडलेल्या सहकाऱ्यांना घेऊन, स्वतःचं संकेतस्थळ काढलं होतं. चार वर्षांनी ते विकलं गेलं आणि विकत घेणारी कंपनी होती त्याच्या जुन्या संकेतस्थळाची तेव्हाची मालकीण. त्या व्यवहारातच मौनाचं कलम उठवलं गेलं. मग जुन्याच संकेतस्थळाच्या कार्यक्रमात बसून त्याने सांगितलं ते असं: काही प्रकाशक, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपन्या, गुणांवरून जाहिरातीचा पैसा काढून घेण्याच्या गोष्टी करत होत्या, वर बसलेली मंडळी नवी होती, आणि ती बिथरली. म्हणजे वाचकांनी चारेक वर्षं जो संशय धरला होता, तो बराचसा बरोबर निघाला. तेव्हापासून संशय घेणं ही सवयच झाली, आणि तिला अगदी नावं ठेवता येत नाहीत.

फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या कामगार मंडळाने, अशी सरसकट मौनाची कलमं नोकरी सुटताना पुढे करणं बेकायदा ठरवलं. पण हे संरक्षण साध्या कर्मचाऱ्यांना. हाताखाली माणसं असलेल्यांना नाही. २००७ च्या त्या संपादकाला त्याचा काडीचा उपयोग झाला नसता.

जागा बदलण्याला कायद्याने आडकाठी किती, हा त्याला लागून येणारा मुद्दा. कॅलिफोर्नियात प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये अशी अट १८७२ पासून रद्दबातल धरली जाते, आणि गेम संकेतस्थळांचं मोठं ठाणं सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास असल्याने माणसं इकडून तिकडे सहज जात आली. २०१२ मध्ये एक नवं संकेतस्थळ उभं राहिलं तेच तीन प्रतिस्पर्ध्यांकडचे संपादक एकत्र करून. न्यूयॉर्कमध्ये तशा कायद्याचं विधेयक डिसेंबर २०२३ मध्ये राज्यपालांच्या नकाराधिकारापाशी अडकलं.

समीक्षक आवाज घेऊन जातो. बातमीदाराचं भांडवल वेगळं, त्याचे खबरे. नोव्हेंबर २०१५ मध्ये एका संकेतस्थळाच्या संपादकाने जाहीर केलं की दोन बड्या प्रकाशकांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं आहे: मुलाखती नाहीत, रिव्ह्यू कोड (समीक्षेसाठी मिळणारी गेमची प्रत) नाहीत, मेलला उत्तरं नाहीत. गुन्हा काय, तर ‘फॉलआउट ४’ची आणि ‘अ‍ॅसॅसिन्स क्रीड’च्या येऊ घातलेल्या भागाची बातमी घोषणेआधी फोडली. प्रकाशकाने दिलेला प्रवेश संकेतस्थळाचा असतो आणि तो असा एका फटक्यात बंद होतो. कंपनीच्या आतला माणूस मात्र बातमीदाराला फोन करतो, संकेतस्थळाला नाही. एप्रिल २०२० मध्ये त्याच संकेतस्थळाचा सर्वांत नावाजलेला बातमीदार आठ वर्षांनी न्यूयॉर्कच्या एका अर्थविषयक वृत्तसंस्थेकडे गेला, तेव्हा त्याचे खबरेही गेले. जुन्या जागेच्या नव्या मालकांमुळे जातोय, हे त्याने लपवलं नाही. मार्च २०२४ मध्ये तिथल्या मुख्य संपादकाने राजीनामा दिला, तोही मालकांच्या हुकमावरून: बातम्या कमी करा, आठवड्याला ५० गाइड, म्हणजे गेम कसा खेळायचा ते सांगणारे लेख, काढा. गाइड उपयोगी असतात, मीही वाचतो. पण ते लिहायला खबरे लागत नाहीत.

आणि नोव्हेंबर २०२३ मधला प्रकार. एका संकेतस्थळाने मुख्य संपादकाला काढलं आणि व्हिडिओ विभागाने पाठोपाठ सामूहिक राजीनामे दिले. त्यात एक समीक्षक होता, २००७ पासून न थांबता, श्वासही न घेता बोलण्याच्या शैलीसाठी प्रसिद्ध. त्याचा कार्यक्रम तो गेला तिथं गेला नाही. नाव, लोगो, सोळा वर्षांचे भाग, सगळं मालकाकडे राहिलं. दोनेक दिवसांत मंडळींनी नवा यूट्यूब चॅनल उघडला, देणगीदारांच्या मासिक वर्गणीवर. तोच माणूस, तोच वेग, तीच खवचट उपमांची आतषबाजी. फक्त कार्यक्रमाचं नाव नवं. प्रेक्षकांना फरक पडला नाही. वकिलांना पडला असता, म्हणून नाव बदललं.

पुढच्या दीड-दोन वर्षांत मालकच इतके बदलले की ‘जागा बदलली’ म्हणायला माणसाला जागेवरून उठायचीही गरज उरली नाही. मे २०२४ मध्ये एका बड्या समूहाने अनेक ब्रिटिश संकेतस्थळं एका झटक्यात घेतली. ऑगस्ट २०२४ मध्ये ३३ वर्षांचं एक मासिक बंद पडलं आणि मार्च २०२५ मध्ये नव्या मालकाखाली त्याच चमूसह परतलं. मे २०२५ मध्ये २००८ च्या त्या संकेतस्थळाला तिथल्याच दोन कर्मचाऱ्यांनी विकत घेऊन स्वतंत्र केलं. २००८ मध्ये त्या दोघांपैकी कुणीही तिथं नव्हतं. संस्थापक संपादक, म्हणजे २००७ मध्ये काढलेला तोच माणूस, २०२२ मध्येच बाहेर पडला होता. आता तो एकट्याने पॉडकास्ट चालवतो, श्रोत्यांच्या वर्गणीवर, आणि त्या कार्यक्रमाला त्याने स्वतःचंच नाव दिलं आहे.