हरणाचं माप (टॅक्सिडर्मी)

टॅक्सिडर्मीत, म्हणजे मेलेल्या जनावराचं कातडं टिकवून ते जिवंतासारखं मांडायच्या कामात, हरणाच्या डोक्याचं किंवा अख्ख्या हरणाचं कातडं एका तयार फॉर्मवर (आतल्या धडाच्या आकाराच्या कृत्रिम ठोकळ्यावर) चढवतात, तो फॉर्म कुठल्या नंबरचा लागेल हे ठरवायला घेतलेली मापं आणि ती घ्यायची पद्धत. मुख्य मापं दोनच, डोळा ते नाक हे अंतर आणि मानेचा घेर, बाकीची पडताळणीला. आपल्याकडे या सगळ्या कामाला सरळ ‘पेंढा भरणं’ म्हणतात आणि निम्मा घोळ तिथेच आहे, कारण पेंढाच भरायचा तर माप कशाला घ्या, मावेल तेवढा कोंबा. पुस्तकी मराठीतला ‘चर्मपूरण’ हा शब्दही भरण्याचंच सांगतो. मूळ शब्द मात्र वेगळं बोलतो. लुई द्युफ्रेन या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने १८०३ च्या सुमारास तो ग्रीकवरून रूढ केला असं सहसा मानतात, त्यात टॅक्सिस म्हणजे मांडणी आणि डर्मा म्हणजे कातडी. म्हणजे कातडीची मांडणी, भरण्याचा त्यात उल्लेखच नाही.

मापाच्या फॉर्मची सुरुवात कोणी केली: यावर एकमत नाही. लोकप्रिय लिखाणात सगळं श्रेय अमेरिकेच्या कार्ल ॲकली या टॅक्सिडर्मिस्टला देऊन टाकतात. तो तरुणपणी रॉचेस्टरच्या ज्या कारखान्यात शिकला तिथली रीत त्यानेच नंतर सांगितलेली आहे, हाडांना तारा बांधायच्या, गुंडाळायचं, जनावर उलटं टांगायचं आणि आणखी मावेनासं होईपर्यंत पेंढा ठासायचा. पुढे त्याने शिकागोच्या फील्ड म्युझियमसाठी चार ऋतूंतली व्हर्जिनिया हरणं केली, ती १९०२ ला तिथे आली, त्यात आधी सांगाड्यावर मातीत जनावर घडवायचं, त्याचा प्लास्टरचा साचा काढायचा आणि साच्यात हलका पोकळ फॉर्म घडवायचा असा क्रम होता. हे खरंच. पण त्याच कारखान्यातला विल्यम हॉर्नडे (हा १८७० च्या दशकाच्या शेवटी जनावरं गोळा करायला भारतात येऊन अनामलाईच्या जंगलात राहून गेला होता) कृत्रिम धडावर माती थापून त्यावर कातडं चढवायची पद्धत ॲकलीच्या आधीपासून वापरत होता, आणि जनावर पडल्या जागीच मापं लिहून घ्या असा त्याचा आग्रह असे. इंग्लंडात लेस्टरच्या म्युझियममधला माँटेग्यू ब्राउन कागदाच्या लगद्याचे फॉर्म १८९० च्या दशकात करत होताच. तेव्हा ॲकलीला श्रेय द्यायचं तर हलक्या पोकळ फॉर्मचं द्यावं, मापाचं त्याच्या एकट्याच्या नावावर लावणं जरा जास्त होतं. भारतात म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या कारखान्याने साधारण १९०० पासून १९९९ पर्यंत लगद्याचे ठराविक साइजचे फॉर्म साच्यातून काढून काम केलं, आणि संस्थानिकांच्या वाड्यांत आज जे दिसतं त्यातलं बरंचसं तिथलंच. हल्ली सगळीकडे पॉलियुरेथेन फोमचे फॉर्म मिळतात, ते साधारण १९६० ते ७० च्या दशकांपासून.

दोन वेगळी मापं: शिंगांच्या रेकॉर्डचं माप आणि फॉर्मचं माप यांची सरमिसळ फार होते. लंडनच्या रोलंड वॉर्ड या टॅक्सिडर्मिस्टने शिकारीच्या नोंदींची पहिली यादी १८९२ ला काढली ती शिंगांची लांबी-घेर यांची, अमेरिकेतल्या बून अँड क्रॉकेट या शिकाऱ्यांच्या क्लबच्या नियमात शिंगं ६० दिवस वाळल्यावरच मोजतात. त्याचा फॉर्मशी काही संबंध नाही. भारतातल्या जुन्या शिकाऱ्यांचाही एक वाद होता, जनावर आडवं ठेवून दोन टोकांना खुंट्या ठोकायच्या आणि खुंट्यांमधलं सरळ अंतर घ्यायचं, की टेप पाठीच्या वळणावरून न्यायचा. वळणावरून घेतलं की आकडा फुगतो, म्हणून तेच अनेकांना आवडायचं. वाद मुख्यतः वाघाचा, पण हरणाची खांद्याची उंची लिहितानाही हाच प्रश्न येतो. फॉर्मसाठी खुंट्यांचं माप बरं.

प्रत्यक्ष माप: कापडी टेप, शिंप्याकडचा चालतो. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत सरळ रेषेत घ्यायचं, टेप गालावरून वाकवला तर पाव इंच वाढून बसतो आणि पाव इंच म्हणजे इथे पुढचा नंबर. मानेचा पहिला घेर कानांच्या लगेच मागे, दुसरा तिथून थोडा खाली, तिसरा जिथे मान खांद्यात शिरते तिथे. टेप अंगाला लागला पाहिजे, रुतता कामा नये. हे सगळं कातडं सोलल्यावर, मांसावर घ्यायचं, कारण केस आणि कातडीची जाडी फॉर्मला नको असते, फॉर्म आतल्या धडाच्या जागी येतो. डोक्याने टांगलेल्या जनावराची मान ताणून बारीक होते, म्हणून आडवं असताना मोजलेलं बरं. अमेरिकी कॅटलॉगमध्ये व्हाइटटेल हरणाचा (वर आलेलं व्हर्जिनिया हरीण ते हेच) फॉर्म सव्वासात बाय अठरा असा लिहितात, पहिला आकडा डोळा-नाक, दुसरा मान, दोन्ही इंचात. त्याशिवाय मान ताठ, अर्धी खाली की पुढे झुकलेली, डावीकडे वळलेली की उजवीकडे, हे वेगळं सांगावं लागतं.

खरा मतभेद पुढे आहे. धडाचं माप खरं की कमावलेल्या कातड्याचं? धडवाले म्हणतात जनावर जेवढं होतं तेवढंच दिसलं पाहिजे. कातडंवाले म्हणतात कातडं मीठ लागून, कमावून निघेपर्यंत कमी-जास्त झालेलं असतं, आणि हातात शेवटी तेच असतं, तर ते दुमडून टेप लावा, दुप्पट करा, आलेला आकडा धरा. कमावलेलं कातडं ओलं असताना भरपूर ताणलं जातं आणि वाळताना परत ओढ खातं, म्हणून नुसत्या त्यावर गेलं की फॉर्म मोठा मागवला जातो असा अनुभव आहे. म्हणून धडाचं माप मुख्य धरून कातड्याचं माप ताळ्याला घेणं जास्त सुरक्षित. दोन्हीत तफावत आली तर चेहरा धरावा, मान सोडावी. मानेचा फोम कानशीने घासता येतो किंवा कापून मध्ये भर घालता येते, चेहऱ्यात तसं केलं की डोळ्यांची जागा हलते आणि हरीण दुसरंच कोणीतरी दिसायला लागतं. फॉर्म मोठा झाला तर मानेमागची शिवण ओढून जुळवावी लागते आणि वाळल्यावर उसवते, लहान झाला तर गळ्याशी वळ्या पडतात. खोलगट जागी, विशेषतः डोळ्याखाली, कातडं नीट चिकटलं नसेल तर वाळताना सुटून ढोलकीच्या पुडीसारखं ताणलं जातं.

माजावर आलेल्या नराची मान फुगते. व्हाइटटेलमध्ये ती शरद संपता संपता सगळ्यात जाड, तोच नर दोन महिने आधी मोजला तर वेगळा नंबर निघेल. चितळाचं असं एक ठरलेलं महिन्याचं गणित नाही, पक्क्या शिंगांचे नर वर्षभर दिसतात. सांबराच्या मानेवर आयाळीसारखे दाट केस असल्यामुळे नजरेने अंदाज हमखास चुकतो. काळवीट तर हरीणच नव्हे, शास्त्राच्या हिशेबात ते गाय-बकरीच्या कुळातलं, शिंगं आयुष्यभर तीच, पण मराठीत सगळी हरणंच. चितळाचे तयार फॉर्म आज मिळतात ते अमेरिकेत, कारण टेक्ससमध्ये १९३० च्या दशकात सोडलेली चितळं तिथे माजून वाढली.

वडोदऱ्यात: कमाटीबागेतलं म्युझियम १८९४ चं, सयाजीराव महाराजांच्या काळातलं, त्यात प्राणिशास्त्राचा विभाग आहे. पोरं पहिल्यांदा धावतात देवमाशाच्या सांगाड्याकडे, पण सांगाड्याला हा प्रश्नच नसतो, हाड जेवढं तेवढं. माप चुकलेलं पाहायचं तर जुन्या मराठी घरांतल्या भिंती बघाव्यात. दांडिया बाजाराकडच्या एका ओळखीच्या घरात काळविटाचं डोकं आहे, काकू दिवाळीला त्यावरची धूळ पिसांच्या झाडूने उडवतात. मागून पाहिलं तर मानेची शिवण रुपयाचं नाणं जाईल एवढी उसवलेली, आतून तपकिरी सुतळी दिसते, आणि एक काचेचा डोळा किंचित वर चढलेला, त्यामुळे बिचारं कायम पंख्याकडे बघत असल्यासारखं वाटतं. फॉर्म एक नंबर मोठा बसवलेला असणार, डोळ्याची आणि शिवणीची अशी दोन्ही लक्षणं एकत्र सहसा त्यानेच येतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार बंद होत गेली, टॅक्सिडर्मीची व्याख्याही त्याच कायद्यात आहे, आणि घरात असं जुनं डोकं असेल तर मालकीचं सर्टिफिकेट लागतं. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९ ला टॅक्सिडर्मी केंद्र निघालं, पशुवैद्यकीय महाविद्यालयातले शरीररचनेचे प्राध्यापक डॉ. संतोष गायकवाड यांचं, तिथे मेलेल्या प्राण्यांवर काम होतं. घरातलं जुनं डोकं हौसेने मोजायचं असेल तर हातमोजे घालून मोजावं. किडीपासून वाचवायला त्या काळी कातड्याला आर्सेनिकचा साबण लावत, अठराव्या शतकात बेकर या फ्रेंच औषधविक्रेत्याने काढलेला, आणि ते विष शंभर वर्षांनीही तसंच असतं. नंतर हात धुवावेत, आणि तो टेप परत ब्लाउजच्या मापाला वापरू नये.