वरिष्ठांच्या करिअरचे सल्लागार घडले कुठे?

एखाद्या कंपनीचा फायनान्स प्रमुख पन्नाशीत नोकरी बदलायचे ठरवतो, तेव्हा त्याची अडचण नवख्या पदवीधरापेक्षा फार वेगळी असते. त्याच्या तोडीच्या जागा मोजक्या, त्यातल्या बऱ्याचशा कधी जाहीरच होत नाहीत. मन मोकळे करावे तर बातमी फुटून असलेली खुर्ची धोक्यात येण्याची भीती. अशा माणसाच्या बाजूने बसून विचार करणारे करिअर स्ट्रॅटेजिस्ट आज मुंबई-पुण्यातही काम करतात. हे काम ते शिकतात कुठे, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. या व्यवसायाचा एकेक भाग वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या लोकांसाठी तयार झाला, आणि त्याचे प्रशिक्षणही तसेच तुकड्यातुकड्यांनी उभे राहिले.

सुरुवात झाली ती गरीब वस्तीत. अमेरिकेतल्या बोस्टनच्या नॉर्थ एंड भागात, स्थलांतरितांसाठी चालणाऱ्या ‘सिव्हिक सर्व्हिस हाउस’ या संस्थेत फ्रँक पार्सन्स यांनी जानेवारी १९०८ मध्ये ‘व्होकेशन ब्युरो’ सुरू केला. आधी स्वतःला ओळखा, मग कामाच्या जगाची माहिती घ्या, आणि मग दोन्हींची सांगड विचारपूर्वक घाला, ही त्यांची पद्धत. येणाऱ्या तरुणाला ते लांबलचक प्रश्नावली देत: घरची परिस्थिती, तब्येत, वाचन, सवयी, फावला वेळ कसा जातो. या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. सल्ला देण्याबरोबरच सल्लागार घडवायची सोयही त्यांनी त्याच वर्षी केली. बोस्टनच्या वायएमसीए या तरुणांसाठीच्या संस्थेत त्यांनी नऊ महिन्यांचा प्रशिक्षणवर्ग आखला. सप्टेंबर १९०८ मध्ये पार्सन्स वारले आणि त्यांचे पुस्तक त्यांच्या पश्चात १९०९ मध्ये आले, पण धागा तुटला नाही. त्यांचे सहकारी मायर ब्लूमफील्ड यांनी १९११ मध्ये हार्वर्डला या विषयाचा अभ्यासक्रम शिकवला. १९१३ मध्ये ग्रँड रॅपिड्स येथे सल्लागारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आजची ‘नॅशनल करिअर डेव्हलपमेंट असोसिएशन’ ती हीच.

या साऱ्याच्या केंद्रस्थानी होता शाळा सोडणारा मुलगा. आपल्याकडेही तसेच घडले. मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय यांनी व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढले, १९४७ मध्ये पारशी पंचायतीने आणि १९५० मध्ये मुंबई सरकारने. दहावीनंतरच्या ज्या कल चाचण्या मराठी घरांना ओळखीच्या आहेत, त्यांचे मूळ याच परंपरेत आहे. पन्नाशीतल्या मॅनेजिंग डायरेक्टरलाही कधी मार्गदर्शन लागेल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नसावे.

वरच्या पदांचा बाजार दुसरीकडेच उभा राहत होता. न्यूयॉर्कमध्ये थॉर्नडाइक डेलँड यांनी १९२६ मध्ये वरिष्ठ अधिकारी शोधून देणारी पेढी काढली. हायड्रिक अँड स्ट्रगल्स १९५३ ची, स्पेन्सर स्टुअर्ट १९५६ ची, कॉर्न फेरी १९६९ ची. या हेडहंटर पेढ्यांचा ग्राहक म्हणजे कंपनी. निवड झालेल्या माणसाच्या पहिल्या वर्षाच्या पगाराच्या साधारण एक तृतीयांश इतकी फी कंपनीच मोजते. उमेदवाराशी ते कितीही आपुलकीने बोलले, तरी त्यांची बांधिलकी पलीकडच्या पक्षाशी असते. ही साधी गोष्ट मोठमोठ्या पदांवरच्या हुशार माणसांनाही उमजत नाही, आणि ‘मी चार हेडहंटरना सीव्ही पाठवलाय’ असे म्हणत ते महिनोन् महिने वाट बघत बसतात. स्ट्रॅटेजिस्टची गरज इथूनच निर्माण होते.

उमेदवाराच्या बाजूने काम करण्याची एक ठोस रीत घडवली ती बर्नार्ड हाल्डेन यांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना नागरी नोकऱ्या मिळवून देताना त्यांना एक जाणवले: ही माणसे आपले हुद्दे सांगतात, पण आपण काय चांगले करतो ते त्यांना सांगता येत नाही. म्हणून त्यांनी एक सराव बसवला. लहानपणापासून आजवर तुम्ही चांगल्या केलेल्या, करताना आनंद मिळालेल्या आणि अभिमान वाटणाऱ्या गोष्टी लिहून काढा. त्यातल्या निवडक प्रसंगांची हकिगत सविस्तर सांगा. मग त्या सगळ्यांत पुन्हा पुन्हा दिसणारी कौशल्ये शोधा.

चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या प्रमुखाबरोबर हे करून पाहिले की त्याचे बळ कळते. त्याच्या सीव्हीत ‘प्लांट हेड, बाराशे कामगार’ एवढेच असते. हकिगत सांगताना मात्र कळते की कॉलेजात बंद पडलेले गॅदरिंग त्यानेच पुन्हा सुरू केले होते, पहिल्या नोकरीत रखडलेली लाइन चालू केली होती आणि आता तोट्यातला विभाग मार्गी लावला आहे. अडलेले चालू करणारा माणूस, ही त्याची खरी ओळख. ती प्रश्न विचारूनच बाहेर येते, आणि असे प्रश्न विचारायला शिकावे लागते.

वरिष्ठांना नियमितपणे सल्लागार मिळू लागले ते आउटप्लेसमेंटमुळे. नोकरीवरून कमी केलेल्या अधिकाऱ्याला पुढची वाट शोधायला मदत करायची, आणि पैसे आधीच्या कंपनीने भरायचे. जॉन ड्रेक यांची पेढी १९६७ मध्ये सुरू झाली आणि पुढे ‘ड्रेक बीम मॉरिन’ म्हणून गाजली. ‘ली हेक्ट हॅरिसन’ १९७४ मध्ये आली, ‘राइट’ १९८० मध्ये. इथले सल्लागार पेढीच्या घरच्या पद्धतीवर तयार होत. अनुभव दांडगा असे, पण पेढी सोडली की शिकण्याची जागाही सुटे.

बाहेरच्यांसाठी वाट खुली झाली ती रिचर्ड बोल्स यांच्यामुळे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलमधली त्यांची स्वतःची नोकरी गेली होती. नोकरी गमावलेल्या पाद्र्यांसाठी त्यांनी १९७० मध्ये पदरमोड करून एक मार्गदर्शिका छापली आणि ती पुढे जगभर गेली. ओरेगॉनमधल्या बेंड येथे ते दोन-दोन आठवड्यांच्या कार्यशाळा घेत. तिथे नोकरी शोधणारे आणि सल्लागार असे दोघेही येत.

नव्वदच्या दशकात घरी बसून एकट्याने हे काम करणारे वाढले आणि त्यांच्या संघटना निघाल्या. रेझ्युमे लिहिणाऱ्यांची व्यावसायिक संघटना १९९० मध्ये अमेरिकेत झाली, तशीच दुसरी १९९७ मध्ये. परीक्षा घेऊन प्रमाणपत्रे देण्याची पद्धतही याच संघटनांनी रुजवली. थॉमस लेनर्ड यांच्या पुढाकाराने १९९५ मध्ये कोचिंगचा (इथे शिकवणी नव्हे, तर प्रश्न विचारून माणसाला स्वतःचे उत्तर शोधायला लावण्याचे काम) आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे आयसीएफ, उभा राहिला. २००३ मध्ये लिंक्डइन आले आणि नोकरी शोधत नसलेला अधिकारीही सर्वांना दिसू लागला. स्ट्रॅटेजिस्टचे काम ‘नोकरी गेल्यावर’ असायचे, ते ‘नोकरीत असतानाच’ असे झाले.

आज या क्षेत्रातले बरेच लोक कोचिंगच्या दाराने येतात. आयसीएफच्या मधल्या पायरीसाठी १२५ तासांचे शिक्षण आणि ५०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, वरच्या पायरीसाठी २०० आणि २,५०० तास. शिवाय किमान तीन महिन्यांत विभागलेले दहा तासांचे मेंटॉर कोचिंग, ज्यात तुमचे काम ऐकून कुणीतरी चुका दाखवते. ही शिस्त मला फार महत्त्वाची वाटते. पण कोचिंगचे शिक्षण सांगते की उत्तर समोरच्याकडूनच येऊ द्या, सल्ला देऊ नका. नोकरी बदलणाऱ्या सीईओला मात्र काही गोष्टींचे सरळ उत्तर हवे असते. सोडताना ईसॉप्सचे, म्हणजे कंपनीने देऊ केलेल्या शेअर्सचे, काय होणार? स्पर्धकाकडे न जाण्याचे कलम कितपत अडवेल? तीन महिन्यांच्या नोटीस पिरियडवर बोलणी कधी काढायची? अशा वेळी नुसता प्रतिप्रश्न करणारा सल्लागार त्याच्या उपयोगाचा नाही. आणि ते २,५०० तास एकाही वरिष्ठ अधिकाऱ्याला न भेटता पूर्ण होऊ शकतात.

त्यामुळे या कामात मुरलेली माणसे प्रमाणपत्रापलीकडचे शिक्षण स्वतःच जुळवतात. हेडहंटर पेढीत काम केलेल्या सहकाऱ्याकडून शोधाची आतली प्रक्रिया समजून घेतात, नोकरीच्या करारांसाठी वकिलाकडे बसतात, नावे झाकून एकमेकांची प्रकरणे तपासतात. भारतात काम करणाऱ्याला इथले कायदेही माहीत हवेत. निवृत्तीकडे झुकलेले अनेक अधिकारी स्वतंत्र संचालकपदाचा, म्हणजे एखाद्या कंपनीच्या संचालक मंडळावर बाहेरचा सदस्य म्हणून बसण्याचा, विचार करतात. त्यासाठी डिसेंबर २०१९ पासून सरकारी डेटाबँकेत नाव नोंदवावे लागते, आणि ठरावीक अनुभवाची सूट नसेल तर ऑनलाइन परीक्षाही द्यावी लागते. हे ठाऊक नसलेला सल्लागार बोर्डावर जाण्याची स्वप्ने दाखवून मोकळा होतो. आपल्याकडे त्याला परवाना लागत नाही, नोंदणीही लागत नाही. फी आगाऊ घेताना नोकरीची हमी द्यायची नाही, आणि एकाच पदासाठी दोन ग्राहक आले तर दोघांना तसे सांगायचे की एकाला नकार द्यायचा, हे आजतरी ज्याचे त्याने ठरवायचे आहे.