‘७२ डीपीआय’चा फोटो छापता येत नाही, हे खरे का?

फाइलच्या माहितीत ‘७२ डीपीआय’ (डॉट्स पर इंच, म्हणजे एका इंचात किती ठिपके) दिसले की फोटो छापण्याच्या लायकीचा नाही आणि तेथे ३०० लिहिले की तो सुधारतो, असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे. हा आकडा म्हणजे फाइलला चिकटवलेली एक चिठ्ठी असून त्याने चित्रातील एकही पिक्सेल (चित्र ज्यांचे बनते तो रंगीत ठिपका) वाढत किंवा घटत नाही. (७२ हा आकडा रूढ झाला तो १९८४ च्या ‘अ‍ॅपल’च्या मॅकिंटॉश संगणकामुळे, त्याच्या पडद्यावर एका इंचात ७२ पिक्सेल बसत.)

पाहायचे असते ते एकूण पिक्सेल आणि कागदाचा आकार. ६००० × ४००० पिक्सेलचा फोटो, चिठ्ठीवर काहीही असले तरी, इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने सुमारे २० × १३ इंच छापता येतो. भिंतीवर लावून चार पावलांवरून पाहायचा असेल, तर १५० पिक्सेलही बहुधा पुरतात आणि मग लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट होतात. मात्र फोटो-सॉफ्टवेअरमध्ये आकडा वाढवताना ‘रिसॅम्पल’ (पिक्सेलची संख्या बदलणे) या पर्यायाची खूण तशीच राहिली, तर सॉफ्टवेअर आजूबाजूच्या रंगांवरून अंदाजाने नवे पिक्सेल भरते आणि त्यातून फाइल फुगते, तपशील वाढत नाही.

खरे नुकसान होते ते मेसेजमधून फोटो पाठवताना, कारण तेथे बहुधा पिक्सेलच कमी केले जातात. म्हणून छपाईसाठी आणि जतनासाठी कॅमेऱ्यातील मूळ फाइलच वापरावी.