दाराशी गेल्यावर निघणारा विषय

पेशंट उठतो, चिठ्ठी खिशात घालतो, दारापर्यंत जातो आणि वळून म्हणतो, ‘‘डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं...’’ पुष्कळदा खरं दुखणं तेच असतं. लघवीवरचा ताबा सुटणं, शरीरसंबंधातली अडचण, दारू, घरात होणारी मारहाण. गुडघेदुखी हे निमित्त होतं.

हे आधी का निघत नाही? पेशंट लाजतो, हे अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं डॉक्टरांच्या प्रश्नात असतं. समाजशास्त्रज्ञ जॉन हेरिटेज आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या २० फॅमिली डॉक्टरांना घेऊन केलेला प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘अजून काही आहे का?’ हे विचारताना काही डॉक्टरांनी ‘एनीथिंग’ म्हणायचं, काहींनी ‘समथिंग’. बस, एवढाच फरक. ‘समथिंग’ म्हटल्यावर न बोलता राहून गेलेल्या तक्रारी ७८ टक्क्यांनी घटल्या. ‘एनीथिंग’चा तसा उपयोग झाला नाही, कारण इंग्रजीत तो शब्द ‘नाही’ या उत्तराकडे झुकतो. आपल्या बोलण्यातही हे आहेच. ‘बाकी काही त्रास नाही ना?’ या प्रश्नात ‘नाही’ आधीच घालून ठेवलेलं असतं. ‘आणखी काय सांगायचंय?’ असं विचारलं की पेशंट आठवायला लागतो.

नाजूक विषयात आणखी एक गोष्ट लागते: आपण एकटेच असे नाही, हा दिलासा. ‘‘बाळंतपणानंतर बऱ्याच जणींना खोकताना, हसताना लघवीचे थेंब जातात. तुम्हाला होतं का तसं?’’ हे ऐकल्यावर ‘हो’ म्हणणं किती सोपं होतं!

आत्महत्येबद्दल विचारायला मात्र अनुभवी माणसंही कचरतात. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी भीती असते. आजवरच्या अभ्यासांत या भीतीला आधार सापडलेला नाही. ‘तसले विचार तर येत नाहीत ना?’ हा प्रश्न मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो विचारल्याचं समाधान देतो आणि उत्तर बंद करतो. ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ असं सरळ विचारावं आणि मग गप्प बसावं. ती शांतता लांबली तरी चालेल.

मारहाणीचा प्रश्न तर सोबतच्या माणसासमोर विचारायचाच नाही. सोबतचा माणूसच मारणारा असू शकतो. ‘‘तपासताना आम्ही सगळ्यांनाच बाहेर थांबायला सांगतो,’’ एवढं साध्या आवाजात म्हणावं. दार लागल्यावरच बोलणं सुरू करावं.