काळी ती जुनी?

गोव्यातल्या हणजुणच्या (अंजुनाच्या) बुधवारच्या बाजारात एका ताडपत्रीवर दोन समया शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक काळवंडलेली, अंगभर हिरवट थर असलेली. दुसरी पिवळीधमक, कालच घासल्यासारखी. पुण्याकडच्या एका जोडप्याने काळी उचलली. "अँटिक आहे ना?" विक्रेत्याने मान डोलावली, भाव सांगितला. मी बाजूच्या टोप्या चाळत असल्याचं सोंग करत होतो, पण डोळा पिवळीवर. तिच्या शेंड्यावरच्या मोराला चोच उरली नव्हती.

जुनं आणि जुनवलेलं, या दोन गोष्टींची गोव्याच्या बाजारांत सतत गल्लत होते. जुनं म्हणजे वापरून झिजलेलं. जुनवलेलं म्हणजे अलीकडेच ओतून मग रसायनाने म्हातारं केलेलं. गंमत अशी की हणजुणचा बाजार खऱ्या जुन्यावरच उभा राहिला. सत्तरच्या दशकात इथे राहिलेल्या हिप्पींनी पैसे संपले की आपलेच कपडे, कॅमेरे, वाद्यं विकायला काढली, त्यातून तो सुरू झाला. आता तिथे बराचसा माल बाहेरून गठ्ठ्यांनी येतो.

ओळखायचं कसं? आधी आपलं घर आठवा. आपल्याकडे पितळ काळं राहूच देत नाहीत. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की माळ्यावरची भांडी खाली उतरतात आणि चिंच नाहीतर आमसुलं, राख, नारळाचा काथा घेऊन घरातल्या बायका मागीलदारी बसतात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आमच्या दमट हवेत त्यावर पुटं चढतात, आंबटाने ती सुटतात. तेव्हा साठ वर्षं दर सणाला घासली गेलेली समई चकाकणारच. तिचं वय रंगात शोधू नये, झिजेत शोधावं. राखेची बोटं जिथे जिथे फिरली तिथली नक्षी बोथट होते. मोराची चोच जाते, पिसाऱ्याच्या रेघा पुसट होतात, तेलाच्या तबकाची कड गुळगुळीत होते. काळं उरतं ते फक्त बोट न पोचणाऱ्या खाचेत.

जुनवलेल्या समईत याच्या नेमकं उलट दिसतं. काळेपणा सगळीकडे सारखा आणि नक्षी मात्र हाताला टोचेल इतकी धारदार. अमोनियाची वाफ किंवा आम्ल दिलं की पितळ भराभर रंग बदलतं, पण माणसाचा हात समईला कुठे धरतो हे रसायनाला ठाऊक नसतं. मधल्या दांड्याची जागा बघा. रोज उचलून ठेवलेल्या समईचा दांडा तिथे गुळगुळीत असतो.

मग समई उलटी करा. तळाच्या आत लेथच्या बारीक, एकसारख्या गोल रेघा दिसल्या तर ती यंत्रावर फिरलेली आहे. जुन्या समईच्या सांध्यांत तेल आणि काजळी मिळून घट्ट झालेला चिकटा असतो, तो नखाने निघत नाही. आणि समईचे तुकडे जोडणारे पेच उघडून बघा. आमच्या घरच्या समईच्या प्रत्येक पेचाजवळ टिंबं मारलेली आहेत, एक, दोन, तीन. लहानपणी घासायच्या गडबडीत मी दोन टिंबांचा तुकडा तीनच्या जागी फिरवला आणि तो अर्ध्यावर असा अडकला की सोडवायला काकाला बोलवावं लागलं. पेच हाताने कापलेले, त्यामुळे ज्याचा त्यालाच बसतो. यंत्राचे पेच कुठेही बसतात.

कोरलेल्या नावावर मात्र फार भिस्त ठेवू नका. नाव कोणीही घालू शकतो. अक्षरांवरून नख फिरवा: ताजी ठोकलेली अक्षरं कडेला खरखरतात, घासून घासून जुनी झालेली नाहीत. चुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे एवढंच कळतं, वय नाही.

नवीन म्हणून विकलेल्या नव्या समईबद्दल माझी काहीच तक्रार नाही. कारागीर स्वतः बसला असेल तर "कधी केली?" या प्रश्नाला तो "गेल्या महिन्यात" असं सरळ सांगतो, वर ओतकाम कुठे फसलं तेही दाखवतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मातीची मडकी घेताना त्यांचं वय कोण विचारतो?

नाण्यांतही हाच खेळ चालतो, तिथे तारीखच चुगली करते. राम दरबार कोरलेली, १८१८ सालची "ईस्ट इंडिया कंपनीची" आणे-नाणी सर्रास दिसतात. कंपनीने ती कधी पाडलीच नाहीत. गोव्यात १९५८-५९ च्या सुमारास पोर्तुगीज राजवटीचं जुनं चलन रुपिया जाऊन एस्कुदो आला आणि १९६१ च्या मुक्तीनंतर तोही गेला. तेव्हा १९४० च्या आसपासचा एस्कुदो कोणी "गोव्याचा" म्हणून दाखवला तर तो पोर्तुगालचा किंवा त्याच्या दुसऱ्या वसाहतीचा असणार.

"दोनशे वर्षं जुनी आहे" असं छातीठोकपणे सांगणारा विक्रेता भेटला तर मला हसू येतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते. हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं पुरतात. पुरावस्तूचा धंदा करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे परवाना नसेल तर हा बाबा एक तर थाप मारतोय, नाहीतर स्वतःवरचा गुन्हा भर बाजारात कबूल करतोय. "विंटेज" या शब्दाला कायद्यात व्याख्या नाही, म्हणून तो कशालाही चिकटतो.

जोडपं काळी समई वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेलं. मी पिवळीचा भाव विचारला. "ये तो सेकंड हँड है," विक्रेता जरा ओशाळून म्हणाला, "वजन से ले लो." त्याने ती तागडीत टाकायला तीन तुकड्यांत सोडवली. प्रत्येक पेचाजवळ टिंबं होती.