पत्ता वाटणारा कोणी नसेल तर? ॲपलटॉकची युक्ती

‘फक्त प्लग लावा, बाकी सगळं आपोआप’ अशी जाहिरात आता प्रत्येक प्रिंटर आणि राउटरची असते. त्याला ‘एआय’चं लेबलही बिनदिक्कत चिकटवलं जातं. पण नेटवर्कमध्ये आपोआप सामील व्हायला एआय लागत नाही. ॲपलटॉक या ॲपल कंपनीच्या नेटवर्क पद्धतीने हे 1985 साली करून दाखवलं, तेही सेकंदाला जेमतेम 230 किलोबिट वाहून नेणाऱ्या तारेवर. या तारजोडणीचं नाव लोकलटॉक.

नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला वेगळा क्रमांक हवा. लोकलटॉकवर तो एका बाइटचा असे: साध्या यंत्रांना 1 ते 127, सर्व्हरना 128 ते 254. क्रमांक वाटणारं मध्यवर्ती यंत्र नव्हतंच. मॅक सुरू झाला की स्वतःच एक क्रमांक निवडायचा, शक्यतो मागच्या वेळचाच, आणि त्याच क्रमांकाला उद्देशून चौकशीचं पॅकेट सोडायचा. रिकाम्या खुर्चीपाशी ‘इथे कोणी बसलंय का?’ विचारावं, तसं. त्या क्रमांकावर आधीच कोणी असेल तर ते यंत्र पोच देई आणि नवागत दुसरा क्रमांक धरी. उत्तर आलं नाही म्हणजे जागा रिकामीच, असंही नाही. पलीकडचं यंत्र त्या क्षणी दुसऱ्या कामात असेल, पॅकेट वाटेत खराबही झालं असेल. म्हणून तीच चौकशी पुन्हा पुन्हा केली जाई.

पुढे लोकलटॉकच्या जागी इथरनेट हे वेगवान तारांचं जाळं आलं. त्याच्या कार्डाचा स्वतःचा 48 बिटांचा पत्ता असतो. मग एएआरपी हा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी आपसात बोलण्याचा ठरलेला नियमसंच, मधे बसवला: ॲपलटॉकचा क्रमांक आणि कार्डाचा पत्ता यांची सांगड त्याने घालायची आणि क्रमांकाची चौकशीही त्यानेच करायची, सेकंदाच्या पाचव्या भागाला एकदा, अशी दहा वेळा. वरच्या थरातल्या छपाईच्या आणि फाइलींच्या प्रोटोकॉलना खालची तार बदलल्याचा पत्ताही लागला नाही. नेटवर्कचं काम असं थरांत वाटण्याचा खरा फायदा हाच.

क्रमांक आज एक, उद्या दुसरा. म्हणून माणसांसाठी नावं आली. ‘नाव:प्रकार@झोन’ (झोन म्हणजे नेटवर्कचा एक विभाग) अशा नावावरून चालू क्रमांक शोधण्याचं काम एनबीपी हा आणखी एक प्रोटोकॉल करी. मात्र या सोयीसाठी सगळ्यांना सतत हाका माराव्या लागत. राउटर तर दर दहा सेकंदांनी मार्गांची माहिती प्रसारित करत. मोठ्या जाळ्यांना हा गोंगाट परवडेना. अखेर 2009 मध्ये मॅकच्या स्नो लेपर्ड आवृत्तीतून ॲपलटॉक काढून टाकलं गेलं.

तीच युक्ती आजही दिसते. आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीतला यंत्राचा क्रमांक, देणारा सर्व्हर सापडला नाही, की संगणकावर 169.254 ने सुरू होणारा पत्ता दिसतो. अनेकांना तो निव्वळ बिघाड वाटतो. प्रत्यक्षात संगणकाने तो स्वतः निवडलेला असतो, शेजाऱ्यांकडे चौकशी करून.